दुहेरी कड

पट्टा नवा होता तोवर त्याला रबराचा वास यायचा. मग त्यात घाम मुरला, घामावर बामाचे थर बसले, आणि थोड्याच दिवसांत गळ्याखालच्या फोमला असा काही दर्प सुटला की सकाळी तो अडकवताना तिरपीला रोज एकदा उमासा यायचा. धुवायची सोय नव्हती. धुतला की फोम फुगतो असं तिच्या दादाचं म्हणणं होतं, आणि पट्टा दादाचा होता. म्हणजे दादा तो विकायचा आणि ती घालायची.

तिरपी हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. पण बाटल्यांच्या कारखान्यात तिला दुसऱ्या नावाने कुणी हाक मारत नसे. तिची मान कायम डाव्या खांद्याकडे कललेली असायची, कुणीतरी तिला गुपित सांगतंय आणि ती ते ऐकतेय अशी. उजवा खांदा त्यामुळे वर चढलेला आणि पाठीला एक बारीकसा बाक. नवीन आलेला कामगार आधी हसायचा, मग तिचं काम बघून गप्प बसायचा.

काम तपासणीचं. समोर दुधी काचेचा मोठा दिवा, दिव्यापुढून कन्व्हेयरवर सरकत जाणारी बाटल्यांची रांग, आणि खुर्चीत बसलेल्या माणसाने नजर न हलवता त्यातली वाईट बाटली टिपून खालच्या पेटीत टाकायची. कुठे चीर असते, कुठे खडा, कुठे बुडबुडा. सगळ्यात हरामखोर दोष म्हणजे दुहेरी कड. तोंडाचा साचा केसभर सरकला की बाटलीच्या तोंडाशी एका कडेवर दुसरी कड चढते. झाकण वरवर बसल्यासारखं वाटतं आणि आतला माल झिरपत राहतो. असे दोष लागोपाठ दिसले तर यंत्र थांबवून साचा बदलावा लागायचा, आणि तसा निरोप देणारी घंटा फक्त पहिल्या खुर्चीजवळ होती. त्या खुर्चीत तिरपी बसायची. तिने घंटा वाजवली की कुणी उलट विचारत नसे. डोळ्यांत तेल घालून काम करणारी म्हणून अख्ख्या कारखान्यात तिचं नाव होतं, आणि आयुष्यात तिची म्हणावी अशी तेवढी एकच गोष्ट होती.

बाकी होती ती डोकेदुखी.

ती उजव्या भुवईच्या वर सुरू व्हायची, डोळ्यामागे जाऊन बसायची आणि संध्याकाळपर्यंत मानेत उतरायची. बसमध्ये मळमळायचं. मोठ्या दुकानात दोन्ही बाजूंना भरलेली फळ्यांची रांग असली की पायाखालची जमीन हलायची. पुस्तक उघडलं की ओळी एकमेकींच्या अंगावर चढायच्या, म्हणून तिने शिक्षण अर्ध्यावर सोडलं आणि घरच्यांनी त्याला आळस हे नाव दिलं.

डोकं दुखतं म्हटलं की जगात कुणीही डॉक्टर होतो. शेजारीण म्हणायची, पाणी पी. कामावरच्या बायका म्हणायच्या, झोप घे. आई कपाळावर बाम चोळायची, इतका की उशीलासुद्धा त्याचा वास कायमचा चिकटला होता. चोळून झालं की तोच बामाचा चिकट हात हनुवटीखाली घालून आई तिची मान सरळ करायची. लहानपणापासून हा हात होता. जेवताना, अभ्यासाला बसल्यावर, फोटो काढताना. घरातल्या प्रत्येक जुन्या फोटोत तिच्या हनुवटीपाशी कुणाची तरी बोटं आहेत. तिला त्या बोटांची शिसारी यायची आणि आईची शिसारी येते म्हणून मग स्वतःचीही यायची.

लहान असताना एकदा गॅलरीत उभी राहून ती म्हणाली होती, "आई, चंद्र दोन दिसतात. एकावर एक."

"नीट बघ. एकच आहे."

तिने मान कलती केली. खरंच एक झाला. "हो गं, एकच."

"मग मान सरळ कर आधी! कसं ध्यान दिसतंय ते."

मान सरळ केली. चंद्र पुन्हा दोन. त्या दिवशी पोरीने मनाशी हिशेब मांडला की सगळ्यांनाच दोन दिसत असणार, फक्त चांगल्या घरची माणसं ते बोलून दाखवत नाहीत. पुढे तिने हा विषय कुणाजवळ काढला नाही.

दादाचं निराळंच. दादा चालायला लागला की आधी त्याचं पोट यायचं आणि मागून दादा. पण दुसऱ्याच्या पाठीचा कणा म्हणजे त्याला आपल्या बापाची इस्टेट वाटायची. आधी त्याने गाद्या विकल्या, मग उशा, मग हा 'ताठमान पट्टा'. पाठीला आडव्या पट्ट्या, खांद्यांवरून दोन फास आणि वर हनुवटीला टेकणारी फोमची कॉलर. कॉलर अशी की मान कुठेच कलता कामा नये. गिऱ्हाईक मिळेना तेव्हा त्याला घरातली बहीण आठवली.

"अगं, तुझं डोकं त्या वाकड्या मानेनेच दुखतं," तो म्हणाला. "मान वाकडी, मग शिरा वाकड्या, मग रक्त वाकडं. साधी गोष्ट आहे."

उचलली जीभ लावली टाळ्याला. पण वर्षानुवर्षं डोकं ठणकत असलं की माणूस कुणाचंही ऐकतो. तिने ऐकलं. पट्टा घालायच्या आधीचा फोटो दादाने काढला तेव्हा तो सारखा म्हणत होता, "अजून वाक. अजून जरा. तोंड दुःखी कर." त्याचा ओलसर अंगठा तिच्या गालावर होता आणि त्याला नुकत्याच खाल्लेल्या कशाचा तरी तेलकट वास येत होता.

ती पट्टा घालून कामावर गेली तेव्हा सुपरवायझर बघतच राहिला. त्याच सुमारास वरून हुकूम आला होता की कामगारांच्या बसण्याउठण्याकडे लक्ष द्या. बस्स, दादाला तेवढं पुरलं. दुसऱ्याच दिवशी तो बॅग घेऊन हजर. तपासणीच्या अख्ख्या खात्याला पट्टे द्यायचं बोलणं सुरू झालं, आणि नमुना म्हणून पहिल्या खुर्चीत तिरपी ताठ बसली. येणारेजाणारे थांबून बघायचे. "वा! आता माणसात आली," म्हणायचे. यापूर्वी ती कशात होती ते कुणी सांगितलं नाही.

आणि बाटल्या बिघडायला लागल्या.

सकाळी बऱ्या असायच्या. तास दोन तास गेले की एका बाटलीच्या तोंडावर दुसरी कड दिसायची, मग चारांच्या, मग सगळ्यांच्या. तिने घंटा वाजवली. यंत्र थांबलं, साचा बदलला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पुन्हा घंटा, पुन्हा साचा. तिसऱ्यांदा साच्यावरचा माणूस काढलेल्या बाटल्या हातात घेऊन आला, त्यांच्या तोंडांवरून तिच्यासमोर बोट फिरवलं आणि म्हणाला, "कुठाय कड? दाखवा."

तिने बाटली हातात घेतली. बोटाला कड एकच लागत होती. डोळ्याला दोन दिसत होत्या. कॉलरमुळे मान कलवता येत नव्हती, नाहीतर इतकी वर्षं जे नकळत होत होतं ते झालं असतं आणि दोनाची एक कड झाली असती. तिला ते उमगलं नाही. तिला एवढंच कळलं की पेटीत चांगल्या बाटल्या पडल्यात आणि त्या तिने टाकल्यात.

सुपरवायझर ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "बाई, डोळे तपासून दाखला आणा," तो म्हणाला. "तोवर घंटा वाजवू नका. हे असंच चाललं तर चुऱ्याच्या खात्यात बसवावं लागेल तुम्हाला." चुऱ्याच्या खात्यात फुटक्या काचा फावड्याने भट्टीकडे लोटायच्या असतात. तिथे काही बघावं लागत नाही.

घरी दादा म्हणाला, "नाचता येईना अंगण वाकडं! कारखान्याचा साचा खराब आणि दोष माझ्या पट्ट्याला? सैल घालत असशील तू." आणि त्याने खांद्यांवरचे फास दोन घरं आवळले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दिव्यासमोर व्हायचं ते झालं. बाटल्या सरकत होत्या, प्रत्येकीच्या डोक्यावर दुसरी बाटली बसून सरकत होती, भुवईवर कुणी खिळा ठोकत होतं. तिला ओकारी आली. माणूस ओकताना वाकतो, तेवढी तरी त्याला देवाने मुभा दिली आहे. कॉलरने तीही ठेवली नव्हती. ताठ मानेने, समोर बघत, एखाद्या पुतळ्यासारखी ती ओकली, आणि सगळं हनुवटीवरून फोममध्ये, फोममधून गळ्यात आणि गळ्यातून कपड्यांच्या आत गेलं. कुणीतरी रांग थांबवली. कुणीतरी तोंड फिरवलं. योगायोगाने दादा आणखी पट्ट्यांचं माप घ्यायला आलेला होता. तो धावत आला, तिच्याजवळ उकिडवा बसला आणि पहिलं वाक्य बोलला:

"अरे देवा, हा तर आता धुवावाच लागणार."

त्या क्षणी तिला कळलं की मघाशी पोटातून जे आलं ते सगळं आलेलं नाही, बरंच अजून आत शिल्लक आहे.

दाखल्यासाठी आई तिला बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात घेऊन गेली. डोळे तपासणारी बाई तरुण होती, गोष्टी कमी आणि काम जास्त करणारी. कारखान्यात दरवर्षी होते तशीच तपासणी तिने केली. उजवा डोळा झाकून डाव्याने वाचा, डावा झाकून उजव्याने वाचा. सगळ्यात खालची ओळसुद्धा तिरपीने धडाधड वाचली.

"डोळे तर उत्तम आहेत," चष्मेवाली म्हणाली.

"दरवर्षी हेच सांगतात," आई बाकावरून म्हणाली. "नाटकं आहेत. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच."

 दादाने आता नवा पट्टा दिलेला होता, तरी तो काचू लागला म्हणून तिरपीने कॉलरचा हूक काढला. तिची मान आपसूक डाव्या खांद्यावर गेली. दाखला लिहायला घेतलेली चष्मेवाली थांबली.

"मान अशी कधीपासून आहे?"

"वाकडीच आहे मी. पहिल्यापासून."

"असं करा, मान सरळ ठेवा आणि त्या भिंतीवरच्या ठिपक्याकडे बघा. दोन्ही डोळ्यांनी." तिने एक काळी पट्टी घेतली, एका डोळ्यावर धरली, चटकन दुसऱ्यावर नेली, पुन्हा पहिल्यावर, मग बाजूला केली. "किती ठिपके दिसतात?"

तिरपीने आईकडे बघितलं. चांगल्या घरची माणसं हे सांगत नाहीत. "एक," ती म्हणाली.

"खरं सांगा."

"दोन. एकावर एक. म्हणजे आहे एकच, ते माहितीये मला. तुम्हाला दिसतात तसेच."

"मला एकच दिसतो," चष्मेवाली म्हणाली.

"मान सरळ ठेवूनही?"

"ठेवूनही. सगळ्यांनाच."

तिरपीने मागे वळून पुन्हा आईकडे बघितलं. आई गोंधळून भिंतीवरचा तो एक ठिपका बघत होती.

चष्मेवालीने मग सोप्या शब्दांत सांगितलं. एक डोळा दुसऱ्यापेक्षा किंचित वर बघतो. एकेकटे दोघेही हुशार आहेत, जोडीने चालायचं म्हटलं की भांडण. मान डावीकडे कलवली की दोघांचं जमतं, म्हणून मान आपोआप कलते. दिवसभर डोळ्यांचे स्नायू ओढून धरायचे, मान ओढून धरायची, मग डोकं दुखेल नाहीतर काय होईल? "मान वाकडी म्हणून डोकं दुखत नाही. दोन दिसू नयेत म्हणून मान वाकडी आहे. आणि हे," तिने पट्टा दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवला, "हे म्हणजे लंगड्याची काठी काढून घेऊन त्याला नीट चाल म्हणण्यासारखं आहे."

"पण तपासलं होतं की दरवर्षी!" आई म्हणाली.

"एकेक डोळा तपासला. दोन्ही मिळून कसे बघतात ते कुणी बघितलं नाही."

तिने एक जड चौकट तिरपीच्या नाकावर ठेवली आणि तिच्यात काचा सरकवल्या, एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ, पाचरीसारख्या. एक बदलली, दुसरी घातली. भिंतीवरचे दोन ठिपके एकमेकांकडे सरकले, अडखळले आणि एक झाले. आणि कुणीही हात न लावता तिरपीची मान हळूहळू खांद्यावरून उठली.

तिला आनंद होईल असं चष्मेवालीला वाटलं असावं. तिला आनंद झाला नाही. तिला मळमळलं. इतकी वर्षं तोंडाला लागलेली बोटं, सोडलेली पुस्तकं, बाम, फोम, गळ्यातून आत गेलेली ओकारी, हे सगळं एकदम घशाशी आलं. "पाणी देता?" एवढंच ती म्हणाली. आई बाकावर बसून आपल्या हाताचा तळवा बघत होती. 

चष्मा आला. दाखला गेला. पहिले काही दिवस मानेचे जुने स्नायू कुरकुरले, डोकेदुखी अधूनमधून डोकावून बघायची आणि मग विसरून जायची. बाटल्यांना तोंडं एकेकच उरली. मग एका दुपारी खरी दुहेरी कड आली. साच्यावरच्या माणसाच्या नजरेतूनही सुटलेली, अगदी बारीक. तिरपीने सुपरवायझरकडे बघितलं. त्याने मान डोलावली. तिने घंटा वाजवली, यंत्र थांबलं, आणि साचा सरकलेला निघाला. पहिली खुर्ची तिचीच राहिली.

इथेच हे संपायला हरकत नव्हती. पण दादा होता ना, आणि पट्ट्यांचं बोलणं त्याने सोडलेलं नव्हतं.

कारखान्याचा वर्षाचा मेळावा होता. कामगारांच्या घरच्यांनाही बोलावणं होतं. सकाळी फाटकातून आत शिरताच तिरपीला आपलंच तोंड दिसलं, दाराएवढं. डावीकडे वाकडी, दुःखी, 'आधी'. उजवीकडे ताठ मानेची, हसरी, अंगात पट्टा, 'नंतर'. दुसरा फोटो परवाचाच, चष्मा लागल्यानंतरचा. पट्टा त्यावर मागाहून चिकटवला होता. चष्मा पुसून टाकला होता, पण नाकाच्या बाजूला त्याची सावली राहून गेली होती. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा, आणि नागोबाला निदान नाकात बोटं घालून पोस्टर चिकटवताना कुणी बघितलेलं नाही.

आई शेजारी उभी होती. तिनेही ते बघितलं. "चष्मा कुठे गेला गं?" ती म्हणाली. 

मंडपात खुर्च्या भरल्या. दादा माइक धरून वाकड्या रक्ताबद्दल बोलला. मग त्याने बहिणीला वर बोलावलं, नको नको म्हणत असताना टाळ्या वाजवायला लावल्या, आणि ती वर गेल्यावर सगळ्यांसमोर तिच्या गळ्यात पट्टा घातला. ज्यात ती ओकली होती तोच. धुतलेला. फोम फुगला होता, पण वास गेला नव्हता.

"आणि हा चष्मा जरा काढू या हं, दिवे चमकतात त्याच्यावर," म्हणून दादाने तो तिच्या नाकावरून उचलला आणि टेबलावर ठेवला.

मंडपातली सगळी माणसं दुप्पट झाली. समोर दादा, आणि दादाच्या टकलावर आणखी एक दादा, दोघे एकाच वेळी हसत होते. चार ओठ, दोन सोन्याचे दात. तिरपीने कॉलरचा हूक काढला. पट्टा पायाशी पडला. मान आपल्या जुन्या जागी, डाव्या खांद्याकडे गेली आणि दोन दादांचा एक दादा झाला.

"अगं, अगं, मान," दादा माइकमध्येच म्हणाला आणि लोक हसायला लागले. तिने माइक त्याच्या हातातून घेतला.

"हा पट्टा घालून मान सरळ ठेवली की मला दोन दादा दिसतात," ती म्हणाली. "इथे बसलेल्या सगळ्यांना विचारते. एक तरी कुणाला सहन होतो का?"

हशा असा उसळला की माइक शिट्टी मारायला लागला. साच्यावरचा माणूस तर खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवत होता. दादाचं तोंड पडलं, पण सवय कुठे जाते? रागारागात त्याचा हात पुढे आला, तो ओलसर अंगठा, नेम धरून सरळ तिच्या हनुवटीकडे.

"हात लावू नकोस तिला."

आई पहिल्या रांगेतून उठून कधी वर आली ते कुणाला कळलं नाही. तिने टेबलावरचा चष्मा घेतला, आपल्या बाहीला पुसला आणि लेकीच्या कानांवर अडकवला. मान वर आली. मग सवयीने आईचा हात खाली सरकला, हनुवटीकडे, आणि तिरपीच्या नाकात तो बामाचा वास शिरला. ती जुनी शिसारी पोटातून वर आली आणि ती डोळे मिटून वाट बघत राहिली.

बोटं आली नाहीत. तिने डोळे उघडले तेव्हा आईचा हात तिच्या हनुवटीखाली हवेतच थांबलेला होता.

"राहू दे," आई म्हणाली. "सरळच आहे."